तांब्याची तार

"पुढचं पिंप!"

अक्कांचा आवाज फाटकावरच्या पत्र्याच्या छपराखाली घुमला आणि रांगेतला तीनचाकी टेम्पो हातभर पुढे सरकला. टेम्पोवाल्याने सहाव्या, शेवटच्या पिंपाचे बूच उघडले. अक्कांनी लांब काचनळी तळापर्यंत सोडली, वरचे भोक अंगठ्याने दाबून ती बाहेर काढली, काळ्याशार तेलाचे चार थेंब बशीत टाकले आणि बशी नाकाशी नेऊन डोळे मिटले. रांग गप्प झाली. अक्का वास घेत असताना बोलायचे नाही, हा नियम कोणी कधी लिहून ठेवला नव्हता. म्हणूनच तो आजवर मोडला गेला नव्हता.

"ठीक. जाऊ दे आत."

"अक्का," टेम्पोवाला म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या, कारण हा माणूस बोलला होता. दिवसाकाठी मोजून दहा शब्द खर्च करणाऱ्या या पन्नाशीच्या गृहस्थाला सारे जण 'मौनी' म्हणत. चाळीस गॅरेजांतून इंजिनांचे जळके ऑइल गोळा करून तो या कारखान्यात आणीत असे. येथे ते गाळून, तापवून, धुऊन पुन्हा इंजिनात घालण्याजोगे केले जाई. त्या चाळीस गॅरेजांपैकी निम्म्यांनी तेल गटारात ओतायचे सोडले ते मौनीमुळे. न बोलता तो त्यांच्या दारात उभा राही आणि पिंप भरल्यावाचून हलत नसे.

"काय रे?"

"याला गोडसर वास येतोय. तार लावून बघा ना."

तार म्हणजे तांब्याची तार. ती ज्योतीत तापवायची, तेलात बुडवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली, तर समजायचे की कोण्या गॅरेजवाल्याने यंत्राचे भाग धुतलेले विषारी द्रावण तेलात ओतून दिले आहे. असले एक पिंप टाकीत गेले की सारी टाकी नासते. तेव्हा प्रत्येक पिंपाला तार लावावी, असा नियम होता आणि रजिस्टरात तारेचा वेगळा रकाना होता. पण अक्कांच्या नाकापुढे तार म्हणजे सूर्यापुढे काजवा, असे खुद्द साहेब म्हणत. कित्येक वर्षे अक्का केवळ वास घेत आणि तारेच्या रकान्यात बरोबरची खूण करीत.

अक्कांनी चष्म्यावरून पाहिले. "सत्तावीस वर्षं या फाटकावर उभी आहे मी. तेव्हा तू कुठल्याशा गॅरेजात पाने पुसत होतास. आता तू मला वास शिकवणार? वर्षातून एकदा तोंड उघडलंस आणि तेही यासाठी? त्यापेक्षा गप्प होतास तेच शोभत होतं. चल, हो पुढे."

रांग खो खो हसली. मागून कोणी ओरडले, "मौनीबाबा, व्रत मोडलंत, आता प्रायश्चित्त घ्या!" मौनीने बूच फिरवून घट्ट केले, तो टेम्पोत बसला आणि आत गेला. अक्कांनी रकान्यात खूण केली. पेन क्षणभरही थांबले नाही.

थांबायला हवे होते. कारण अक्कांना त्या पिंपाचा गोडसर वास आला नव्हता, कडवट आला नव्हता, कसलाच आला नव्हता. गेल्या हिवाळ्यात आलेल्या तापाने जाताना त्यांचे नाक बरोबर नेले होते. आणि ही गोष्ट आठ महिने आपल्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती.

अक्का या कारखान्यात आल्या त्या बाटल्या धुवायला. नवरा गॅरेजात मिस्त्री होता; तो अकाली गेला आणि पदरी पाच वर्षांचा मुलगा राहिला. नमुन्याच्या बाटल्या धुता धुता एक दिवस त्या सहज म्हणाल्या, "यात ब्रेकचं तेल मिसळलंय." तेव्हाच्या म्हाताऱ्या मालकांनी तपासून पाहिले, तर खरेच निघाले. पुढच्या महिन्यात अक्का फाटकावर होत्या. पेट्रोल, थिनर, तळणीचे तेल, पाणी धरलेले तेल, काहीही असो, बशी नाकाशी नेताच त्या सांगत. नवीन माणसांना त्या बजावीत, "तेल झिजत नसतं रे, मळतं. मळ काढला की पुन्हा नवं. पण विष मिसळलं की संपलं." हल्लीचे साहेबही कधीकाळी त्यांच्याच शेजारी उभे राहून हे वाक्य शिकले होते.

नाक गेल्यावर त्यांनी डोळ्यांवर काम चालवले. टीपकागदावर थेंब कसा पसरतो ते पाहायचे, तव्यावर टाकल्यावर चरचरतो का ते ऐकायचे आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. तार लावली असती तर सगळेच सोपे होते. तार काही रुसलेली नव्हती. पण सत्तावीस वर्षे जिने तारेला हात लावला नाही, तिने एकाएकी दिवा पेटवला तर लोक विचारतील, "अक्का, आज तार कशाला?" त्या एका प्रश्नाला त्या भ्यायल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे स्वतःला सांगत राहिल्या.

तीन दिवसांनी साहेबांनी त्यांना वर बोलावले.

खोलीत साहेब होते, प्रयोगशाळेतली मुलगी होती आणि दाराजवळ, खुर्ची रिकामी असूनही, मौनी उभा होता.

"दोन नंबरची टाकी गेली, अक्का," साहेब म्हणाले. "अठरा हजार लिटर. सगळं जाळायला पाठवावं लागणार."

अक्का खुर्चीत बसल्या. इंजिनात परत जायचे ते तेल आता भट्टीत जाणार होते. तेही साध्या नव्हे, विष जाळणाऱ्या भट्टीत.

"सोमवारी सकाळी टाकी स्वच्छ होती, मी स्वतः तपासली होती," मुलगी म्हणाली. "त्यानंतर तिच्यात फक्त यांची सहा पिंपं पडली."

"आणि ती सहाही तुम्ही पास केलेली," साहेबांनी रजिस्टर उघडले. "म्हणजे फाटकावर ती चांगली होती. तुमच्या नाकाखालून असलं पिंप जाईल, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. मग उरतं काय? फाटकापासून टाकीपर्यंतच्या वाटेत यानं पिंप बदललं."

"पण त्यानं तर..." अक्कांच्या तोंडून निघाले.

"तार लावा म्हणाला, तेच ना? रांगेतल्यांनी सांगितलं मला. त्यावरूनच तर माझी खात्री पटली. घाण पिंप गाडीत आहे हे याला आधीच ठाऊक होतं. संशय आपल्यावर येऊ नये म्हणून चांगल्या पिंपावर नाटक केलं आणि मागून वाईट ढकललं. गप्प माणसं फार खोल असतात, अक्का."

अक्कांना वाटले, या मुलाला आपणच विचार करायला शिकवले. किती नीट विचार केला त्याने! प्रत्येक पायरी पक्की, आणि सगळ्यांत खालची पायरी आपण. तीच तेवढी पोकळ.

"तुला काही सांगायचंय?" साहेबांनी मौनीला विचारले.

मौनीने अक्कांकडे पाहिले. एकदाच. "अक्कांना विचारा."

सगळे अक्कांकडे वळले. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. अक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"सोमवारी तार लावली होती ना तुम्ही?" साहेब मऊ आवाजात म्हणाले, विचारायचे म्हणून विचारीत होते.

"मी काय वेगळं सांगणार? रजिस्टरात आहे ते आहे."

मौनीने मान खाली घातली. त्याला राग आला नव्हता; आला असता तर अक्कांना सोसता आला असता. त्याला, त्यांच्या वतीने, लाज वाटल्यासारखे दिसले. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या टेम्पोला फाटक बंद झाले, आणि आसपासच्या दोन कारखान्यांना तसे कळवायचे ठरले.

त्या संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होत्या. शेगडीवर दूध होते आणि दुधाकडे त्यांची पाठ होती. सून बाहेरच्या खोलीतून धावत आली, तिने शेगडी बंद केली, खिडकी सताड उघडली. पातेल्याचा तळ कोळशासारखा झाला होता.

"अगंबाई! घरभर करपट वास सुटलाय आणि..." बोलता बोलता तिने जीभ चावली.

अक्कांनी तत्काळ कपाळाला आठी घातली. "येतोय मला वास. म्हटलं, बघू या, तुझं लक्ष कुठे असतं ते."

सून हसली नाही. पातेले नळाखाली धरून पाठमोरीच म्हणाली, "आई, मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्हाला वास येत नाही ते."

नळाचे पाणी पातेल्यात तडतडत राहिले.

"आधी माझ्या प्रत्येक भाजीला तुम्ही नावं ठेवायचात. फोडणी कच्ची, तेल खवट. मग एकदम बंद झालात. मला वाटलं, सासूबाईंचं मन बदललं! आठवडाभर मी नुसती हवेत होते. मग एक दिवस गॅसची कळ उघडी राहिली, आणि तुम्ही इथेच या स्टुलावर बसून पेपर वाचत होतात."

"मग?"

"मग काय? तेव्हापासून झोपायच्या आधी शेगडी मी बघते, सकाळी ह्यांना बघायला सांगते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही कोणी."

ज्या घरात आपला शब्द खाली पडत नाही असा त्यांना अभिमान होता, त्या घराने आठ महिने त्यांना रांगत्या मुलासारखे राखले होते आणि त्यांच्या मानासाठी त्याची चाहूलही लागू दिली नव्हती.

"ताप कोणालाही येतो, आई. नाक गेलं यात लाज कसली? पण..."

"पण काय?"

"काही नाही."

"बोल. या घरात अर्धं वाक्य टाकून कोणी उठायचं नाही."

सुनेने नळ बंद केला. "पण कारखान्यात सांगितलंयत ना तुम्ही?"

अक्का उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

सकाळी कामावर जाण्याआधी त्या मौनीच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचे घर, दारापुढे उलटी घालून वाळत ठेवलेली रिकामी पिंपे. दार मौनीच्या बायकोने उघडले, पण पुरते नाही.

"ते घरात नाहीत."

उंबऱ्याच्या आत मौनीच्या चपला होत्या. तेलाने काळवंडलेल्या, एका अंगठ्याला तार गुंडाळलेल्या. अक्कांनी त्या पाहिल्या. अक्कांनी पाहिल्या हे बायकोने पाहिले.

"त्याला सांग," अक्का म्हणाल्या. "त्याची चूक नव्हती. मी तार लावलीच नव्हती. मला... मला वासच येत नाही. आठ महिने झाले."

मोठ्याने उच्चारलेले ते वाक्य त्यांना स्वतःलाच परके वाटले. आतल्या खोलीत खाट करकरली आणि थांबली.

"हे तुम्ही आम्हाला कशाला सांगताय, अक्का?" बायकोचा आवाज चढला नव्हता. "ह्यांनी काही केलं नाही, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांगा. जिथं हसलात, तिथं सांगा."

"मी हसले नव्हते गं."

"हसवलंत."

तिने दार लावले. आपटले नाही, हळूच लावले. अक्का उलट्या पिंपांच्या रांगेतून परत फिरल्या. आयुष्यात त्यांच्या तोंडावर कोणी दार लावले नव्हते, आणि ज्या दिवशी लागले, त्या दिवशी ते लावणाऱ्याकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

फाटकावर नेहमीची रांग होती. सात टेम्पो, दोन हातगाड्या आणि पहारेकरी.

"अक्का आल्या, उठा!" कोणी तरी म्हणाले. "काय अक्का, मौनी भलताच निघाला की! तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि पोटात पिंप?"

लोक हसले. अक्कांनी पिशवी ठेवली, काचनळी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"रांग थांबवा. पहारेकरी, वर जा. साहेबांना म्हणावं, अक्कांनी खाली बोलावलंय. प्रयोगशाळेतल्या मुलीलाही आण. आणि तिला म्हणावं, थिनरची बाटली घेऊन ये."

"साहेबांना... खाली?" पहारेकरी चाचरला. "काय सांगू, कशासाठी?"

"तपासणी आहे, म्हणून सांग."

साहेब जिना उतरून आले. हातात चहाचा पेला तसाच होता. अक्कांनी दोन बशा टेबलावर मांडल्या आणि मुलीला म्हणाल्या, "मी पाठ फिरवते. एका बशीत थिनर ओत, दुसरीत पाणी. कशात काय, ते मला सांगू नको."

"अक्का, हे काय चाललंय?"

"साहेब, तुम्ही माझ्याजवळ शिकलात ना? मग तपासणी चालू असताना बोलायचं नसतं, हेही शिकला असाल."

थिनर ओतले तशी जवळची दोन माणसे नाकाला रुमाल लावून मागे सरली. अक्का वळल्या. त्यांनी डावी बशी नाकाशी नेली, डोळे मिटले. मग उजवी. रांग इतकी गप्प होती की बंद टेम्पोंतून ठिबकणारे थेंब ऐकू येत होते. अक्का बराच वेळ तशा उभ्या राहिल्या. शेवटच्या क्षणी काही तरी येईल, जुनी ओळख विसरणार नाही, अशी एक वेडी आशा त्यांच्या मनात होती. ती त्यांनी पुरती विझू दिली. मग डोळे उघडले.

"मला दोन्ही बशा सारख्या."

कोणी हसले नाही. कोणी हसले असते तर बरे, असे अक्कांना वाटले. निदान मौनीशी थोडी बरोबरी झाली असती.

"अक्का, वर चला. आपण वर बसून बोलू," साहेब हलकेच म्हणाले.

"वर नाही. त्याला मी इथं बोलले होते." त्यांनी रजिस्टर उचलून साहेबांच्या हातात दिले. "सोमवारी त्यानं मला तार लावा म्हणून सांगितलं. त्याला वास आला होता, मला आला नव्हता. मी तार लावली नाही आणि लावली अशी खूण केली. पिंप त्यानं बदललं नाही. मी ते न तपासता आत सोडलं. ताप येऊन गेल्यापासून यातली एकही खूण खरी नाही. आणि त्याआधीच्या खुणाही तारेच्या नाहीत, माझ्या नाकाच्या आहेत."

साहेबांनी रजिस्टर उघडले नाही. पेल्यातल्या चहावर साय धरली होती. "पण अक्का, मला नुसतं सांगितलं असतंत तर..."

"तुम्ही विचारलं होतंत. मी रजिस्टराकडे बोट दाखवलं." त्यांचा आवाज पहिल्यांदा किंचित फाटला. "आता फाटकावर दुसरं कोणी तरी उभं करा. आणि त्या दोन कारखान्यांना पत्रं पाठवली असतील ती परत मागवा. आज."

शेवटचा हुकूम त्यांनी सवयीने दिला होता. साहेबांनी तो सवयीनेच मानला.

अक्कांना घरी बसवायचे साहेबांच्या जिवावर आले. बरीच चाचपणी करून ते म्हणाले की, प्रयोगशाळेत बसून काही तरी हलके काम... अक्का म्हणाल्या, "बाटल्या धुवायला कोण आहे?" अशा रीतीने ज्या मोरीपाशी त्यांनी सुरुवात केली होती, तिथेच त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मोरीपुढे खिडकी होती आणि खिडकीतून फाटक दिसे. तिथे आता प्रयोगशाळेतली मुलगी दिवा पेटवून बसे. प्रत्येक पिंपाला तार लागे, त्यामुळे रांग लांबे आणि टेम्पोवाले कुरकुरत. पण 'अक्का असत्या तर' असे कोणीही म्हणत नसे. ते न म्हणणे अक्कांना बाटल्यांच्या खणखणाटातही स्पष्ट ऐकू येई.

मौनी आठवड्याने परत आला. येताना आणि जाताना त्याचा टेम्पो खिडकीवरून जाई. तो मान वळवीत नसे. अक्काही हाक मारीत नसत. हाक मारायचा हक्क कुठे ठेवून आलो, ते त्यांना नेमके ठाऊक होते.

एका सकाळी खिडकीत सावली पडली. मौनी उभा होता. मागे फाटकावर त्याचा टेम्पो, टेम्पोत बूच उघडलेले पिंप आणि रांगेतले सगळे इकडे बघत असलेले. त्याने खिडकीच्या चौकटीवर एक बशी ठेवली. बशीत काळ्या तेलाचे चार थेंब होते.

"अक्का."

तो डिवचीत होता की मान देत होता, हे त्या चेहऱ्यावरून कळण्याजोगे नव्हते. कळून घ्यायचा अधिकार आपल्याला आहे असेही अक्कांना वाटले नाही. त्यांनी ओले हात पदराला पुसले, दोन्ही हातांनी बशी उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. रांग गप्प झाली.

अक्कांनी डोळे उघडले.

"तार लावून बघा," त्या म्हणाल्या.

मौनीने बशी घेतली आणि तो फाटकाकडे गेला. अक्का चौकट धरून पाहत राहिल्या. मुलीने तार तापवली, तेलात बुडवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत पिवळीच राहिली. बूच लागले, टेम्पो आत गेला, तेव्हा अक्कांनी हात पुन्हा साबणात घातले आणि पुढची बाटली हातात घेतली.